सात लाख की साठ लाख? सभागृहाला वॅट नकोत, शब्द हवेत

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. ज्यांना 'थोडक्यात सांगा की राव' म्हणायची सवय आहे त्यांनी एवढंच वाचून पुढे जावं: आपल्या नगर परिषदेच्या सभागृहात नवी साउंड सिस्टीम घ्यायचं घाटतंय, आणि जे घ्यायचं चाललंय ते साफ चुकीचं आहे. बाकीच्यांनी बसा, चहा मागवा.

'रस्ते नाहीत, पाणी चार दिवसांनी येतं, आणि हे महाशय स्पीकरवर लिहितायत' असं म्हणणारे येतीलच. त्यांना माझा एकच प्रश्न. रस्त्याचा आणि पाण्याचा निर्णय जिथे होतो तिथे काय बोललं गेलं, हे तुम्हाला ऐकू आलं का? गेली पंधरा-सोळा वर्षं मी त्या सभागृहात मागच्या भिंतीला टेकून बसतो. पत्रकारांची बाकं तिथेच आहेत, आणि सभा बघायला येणारे नागरिकही तिथेच बसतात. पुढे बोललेलं मागे पोचतं ते 'आँ... ओं... मंजूर' एवढंच. मागच्या सभेत एका कामाचा आकडा वाचला गेला. माझ्या डावीकडच्या बातमीदाराने वहीत 'सात लाख' लिहिलं, उजवीकडच्याने 'साठ लाख'. सभा संपल्यावर टिपणीचा कागद मागून खात्री केली म्हणून बरं. जे नागरिक तसेच घरी गेले त्यांच्या डोक्यात कुठला आकडा बसला असेल?

सात आणि साठ यांच्यात फरक आहे तो फक्त शेवटच्या एका व्यंजनाचा. 'नामंजूर'मधला 'ना' पंख्याच्या घरघरीत गेला की उरतं 'मंजूर'. मराठीत अर्थ व्यंजनांवर उभा असतो. स्वर मोठे असतात, घुमतात, ते भिंतीपर्यंत जाऊन परत येतात. व्यंजनं बारीक आणि क्षणिक. त, ठ, स, श, च, क यांची धार साधारण २ ते ८ हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात असते. ती धार गेली की माणूस बोलतोय एवढं कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. आपल्या सभागृहात नेमकं हेच होतं. आणि त्यावर उपाय काय शोधलाय? आणखी वॅट.

प्रस्तावाची प्रत मी वाचली आहे. त्यात ॲम्प्लिफायर 'किमान २००० वॅट' असा आहे. स्पीकर 'उच्च दर्जाचे, १५ इंची, आवश्यक त्या संख्येने'. संपलं. स्पीकर किती ओहमचे, नाही. एका वॅटला किती आवाज देतात, नाही. तार किती जाडीची, नाही. कुठे टांगायचे, कुणाकडे तोंड करून, नाही. शेतकऱ्याला कुणी सांगितलं की दहा एचपीची मोटार घे, तर तो आधी विचारतो, विहीर किती खोल, पाइप किती इंची, पाणी न्यायचंय किती लांब? इथे मोटारीचा आकडा लिहून सगळे मोकळे. पाइपाचं नावच नाही.

आता वॅटचा हिशेब बघू, कारण या एका शब्दावर सगळा बाजार चालतो. ॲम्प्लिफायरचे वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. ३ डेसिबल म्हणजे 'हो, थोडा वाढलाय वाटतं' इतका. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट. उलट स्पीकर स्पीकरमध्ये केवढा फरक असतो बघा. प्रत्येक चांगल्या स्पीकरच्या कागदावर एक आकडा छापलेला असतो: एक वॅट दिला आणि एक मीटरवर उभं राहून मोजलं तर किती डेसिबल. घरगुती शोभेच्या डब्यांत तो ८५च्या आसपास असतो. चांगल्या कागदी कोनाच्या, दमदार चुंबकाच्या स्पीकरचा ९५ असू शकतो. म्हणजे पहिल्याला १०० वॅट देऊन जेवढा आवाज मिळेल तेवढा दुसरा १० वॅटमध्ये देतो. हा आकडा न लिहिता वॅट लिहिणं म्हणजे गाडीचं ॲव्हरेज न विचारता टाकी किती लिटरची एवढंच विचारणं. पीएमपीओ नावाने जे हजारोंचे आकडे डब्यावर छापतात, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. त्याला कसलाही धड नियम नाही, छापणाऱ्याच्या मनात येईल तो आकडा.

बरं, समजा २००० वॅट आले आणि खरे आले. मग होईल काय? आपलं सभागृह म्हणजे वर सिमेंटचा स्लॅब, खाली फरशी, दोन्ही बाजूंना काचेच्या खिडक्या आणि भिंतीला गुळगुळीत ऑइलपेंट. मऊ असं तिथे काहीच नाही, सत्काराच्या शाली सोडल्या तर. अशा खोलीत स्पीकरमधून निघालेला आवाज थेट कानावर येतो तेवढा थोडा, आणि भिंती-छतावर आपटून उशिरा येतो तो जास्त. ऐकणारा स्पीकरपासून जितका लांब तितकं थेट आवाजाचं प्रमाण कमी. तुम्ही वॅट वाढवले की थेट आवाज वाढतो, घुमणाराही तितकाच वाढतो. प्रमाण तेच राहतं. म्हणजे आज जे कळत नाही ते उद्या मोठ्याने कळणार नाही. दोन हजार वॅट लावा की वीस हजार, सात आणि साठमधला फरक मागच्या बाकावर पोचणार नाही.

मग उपाय काय? आवाज ऐकणाऱ्याच्या जवळ न्यायचा आणि हळू ठेवायचा. एका टोकाला दोन राक्षस उभे करण्याऐवजी भिंतींवर सात-आठ छोटे स्पीकर लावायचे, प्रत्येकाने आपल्या समोरच्या दोन-तीन रांगांशी बोलायचं. आणि हे छोटे स्पीकर शक्यतो एकाच कोनाचे असावेत, ज्याला कारागीर मंडळी 'फुल रेंज' म्हणतात.

एका कोनाचा म्हणजे काय, ते नव्या पिढीला सांगावं लागेल. हल्ली स्पीकर म्हटलं की खाली मोठा वुफर, वर ट्वीटर किंवा भोंगा, आणि आत एक क्रॉसओव्हर नावाचं सर्किट जे आवाजाची वाटणी करतं, जाड तुला, बारीक तुला. संगीतासाठी ठीक. पण ही वाटणी सर्वसाधारणपणे दोन-तीन हजार हर्ट्‌झच्या आसपास होते, म्हणजे बरोबर आपल्या व्यंजनांच्या उंबरठ्यावर. चांगल्या महागड्या स्पीकरमध्ये ती इतकी सफाईने करतात की कळत नाही. स्वस्तातल्या १५ इंची डब्यात मात्र एका शब्दाचं धड एका जागेहून येतं आणि डोकं दुसरीकडून. फुल रेंजमध्ये एकच कोन सगळं बोलतो. वाटणी नाही, भांडण नाही. माणसाच्या बोलण्यासाठी याहून सरळ गोष्ट नाही.

तुमच्या-माझ्या आजोबांनी हेच ऐकलंय. लाकडी पेटीचा व्हॉल्वचा रेडिओ आठवा, ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी किंवा दुसरा कुठलाही. आत एकच कागदी कोन, पाच-सहा इंची, फार तर आठ. मागे एक आउटपुट व्हॉल्व, तीन ते पाच वॅट देणारा. बस. त्यावर ओसरीतल्या पंचवीस माणसांना बातम्या ऐकू जायच्या, शब्दन्‌शब्द. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने महाराष्ट्रातल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला होता. गावातली वीसेक माणसं एका रेडिओभोवती बसायची, शेतीचा कार्यक्रम ऐकायची, मग त्यावर चर्चा करायची. देशभर नंतर त्याचा विस्तार झाला. एक संच, एक स्पीकर आणि ऐकून वाद घालणारी माणसं. सत्तर वर्षांपूर्वी पाच वॅटमध्ये जी लोकशाही चालली, तिला आज २००० वॅट का पुरत नाहीत, हा माझा प्रश्न आहे.

(आमच्या पेठेतले रेडिओ दुरुस्त करणारे काका, ज्यांच्या दुकानात बसून मी यातलं निम्मं शिकलो, ते म्हणतात, 'आवाज मोठा लागतो तो ज्याच्याकडे सांगायला काही नसतं त्याला.' हे त्यांनी नगरसेवकांबद्दल म्हटलं की डीजेवाल्यांबद्दल, हे मी विचारलं नाही.)

एका कोनाच्या स्पीकरचे तोटेही आहेत, ते लपवायचं कारण नाही. एकच कोन सगळं करणार म्हणजे त्याला सगळं सारखं जमणार नाही. खालचा खर्ज त्याच्या आवाक्याबाहेर असतो. जबरदस्तीने खर्ज ओतला की कोन लांब मागेपुढे हलायला लागतो आणि त्याच वेळी तो जे बारीक बोलत असतो ते थरथरतं, फाटतं. दुसरं, कोन जितका मोठा तितका त्याचा बारीक आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. आठ इंची कोनासमोर बसलेल्याला स, श स्वच्छ ऐकू येतील, कडेला बसलेल्याला कमी. म्हणून काही कोनांच्या मधोमध आणखी एक छोटा कागदी कोन चिकटवलेला दिसतो, बारीक आवाज पसरावा म्हणून. तरीही स्पीकरचं तोंड माणसांकडेच करावं लागतं. आणि आमच्याकडे? सध्याचे उभे लांबट कॉलम स्पीकर बघा. कॉलम म्हणजे चार-सहा तसेच कोन एकावर एक, उभ्या रांगेत. त्याची गंमतच अशी की उभा लावला तर आवाज वर-खाली पसरत नाही, छतावर वाया जात नाही, आडवा सगळ्या सभागृहात जातो. आपल्या सभागृहात ते आडवे लावलेत. का? तर उभे लावले की मागच्या फ्लेक्सवरचे चेहरे झाकतात. आडवा कॉलम आवाज छताला आणि फरशीला वाटतो आणि कडेच्या लोकांना उपाशी ठेवतो. नवी खरेदी राहू द्या, उद्या सकाळी शिडी लावून चार स्क्रू काढून ते उभे करा. खर्च शून्य. मी हे तोंडी सांगून झालंय, लेखी देऊन झालंय.

आता ॲम्प्लिफायरची जोडी. जोडी हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण स्पीकर आणि ॲम्प वेगवेगळे विकत घ्यायचे नसतात. बैलजोडीसारखं असतं ते, एक ओढणारा आणि एक बसणारा निघाला तर औत जागचं हलत नाही.

पहिली गोष्ट ओहम. साधे स्पीकर बहुधा ८ ओहमचे किंवा ४ ओहमचे. दोन ८ ओहमचे एकाला एक समांतर जोडले की ॲम्पला दिसतात ४. चार जोडले की २. बहुतेक ॲम्प ४ ओहमपर्यंत निभावतात, २ वर तापतात, मग बंद पडतात किंवा जळतात. दर वर्षी २६ जानेवारीला कुठल्या ना कुठल्या शाळेत प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात आवाज जातो तो बऱ्याचदा यामुळे. कुणीतरी उत्साही शिक्षक 'अजून दोन बॉक्स जोडा' म्हणतो आणि साउंडवाला बिचारा जोडतो. चार स्पीकर असतील तर दोन-दोनची ओळ करून त्या ओळी समांतर जोडाव्यात, चारही मिळून पुन्हा ८ ओहमच दिसतात. पाचवी-सहावीचं गणित आहे हे.

दुसरी गोष्ट तार, जिच्याकडे कुणी बघत नाही. एक चौरस मिलिमीटर तांब्याची तार, ५० मीटर लांब नेली. जाणं-येणं मिळून १०० मीटर. तिचा स्वतःचा रोध झाला सुमारे १.७ ओहम. पुढे ८ ओहमचा स्पीकर. हिशेब केला तर स्पीकरला पोचायला हवी होती त्या शक्तीतली जवळपास एक तृतीयांश पोचतच नाही. अर्धा मिलिमीटरची, म्हणजे बेलला वापरतात तसली तार टाकली, तर निम्मी गेली. आपण २००० वॅटचं बिल देणार आणि त्यातले कितीतरी फॉल्स सीलिंगमध्ये तार गरम करायला वापरणार.

म्हणून सभागृह, बसस्थानक, रेल्वे स्टेशन, शाळा अशा ठिकाणी शंभर व्होल्टची लाइन वापरतात. ही काही नवी भानगड नाही. ॲम्पमधून आवाज जास्त व्होल्टेजवर पाठवायचा, म्हणजे तारेतून करंट कमी जातो आणि नुकसान कमी. महावितरण लांबवर वीज हाय टेन्शनने नेतं आणि गावाबाहेर डीपीवर उतरवतं, अगदी तसंच. प्रत्येक स्पीकरच्या मागे एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याला दोन-तीन टॅप असतात, ३ वॅट, ६ वॅट, १० वॅट. ज्या कोपऱ्यात जेवढा हवा तेवढा टॅप लावायचा. ओहमचं गणितच नाही, नुसती बेरीज करायची. सगळ्या टॅपची बेरीज ॲम्पच्या वॅटपेक्षा कमी हवी, वीसेक टक्के जागा मोकळी ठेवावी. फक्त एक पथ्य: ट्रान्सफॉर्मर नसलेला ८ ओहमचा स्पीकर चुकूनही या लाइनवर जोडायचा नाही, तो जळेल आणि ॲम्पलाही घेऊन जाईल. आणि ट्रान्सफॉर्मरवाला स्पीकर साध्या ८ ओहमच्या टोकाला जोडला तर तो नुसता कुजबुजेल. मग ठेकेदार म्हणतो, 'साहेब, ॲम्प छोटा पडतोय.'

आपल्या सभागृहाचं गणित मांडून बघू. साधारण ६० फूट लांब, ४० फूट रुंद. दोन्ही लांब भिंतींवर चार-चार असे आठ स्पीकर. प्रत्येकात एकच कोन, सहा ते आठ इंची, संवेदनशीलता ९२ डेसिबल किंवा वर. भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या थोडं वर, तोंड खाली बाकांकडे झुकवून. मग कुठलाही माणूस त्याच्या जवळच्या स्पीकरपासून साडेसहा मीटरच्या आसपास किंवा त्याच्या आतच येतो. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबल घटतो, म्हणजे साडेसहा मीटरवर साधारण १६ ने घटला. एक वॅटला उरले ७६. समोरासमोर बोलणाऱ्या माणसाचा आवाज एक मीटरवर ६०च्या आसपास असतो. म्हणजे पंखे चालू असतानाही एका वॅटमध्ये काम झालं! तरी कुणी सभापती तावातावाने बोलले तर फाटू नये म्हणून प्रत्येकाला ६ वॅटचा टॅप द्या. आठ सक ४८. वीस टक्के जागा सोडून ॲम्प किती वॅटचा? साठ. नीट ऐका, साठ. दोन हजार नाही.

अजून एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. या लाइनच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरना आणि एका कोनाच्या स्पीकरना, दोघांनाही खर्जाचं वावडं असतं. जास्त खर्ज दिला की ट्रान्सफॉर्मर गुदमरतो आणि आवाज फाटतो. म्हणून ॲम्पवर साधारण १२०-१५० हर्ट्‌झच्या खालचं कापून टाकायचं. बोलणं समजायला त्याची गरजही नसते. आपल्याकडे उलट आहे. बेसचं बटण कायम शेवटपर्यंत पिळलेलं, कारण कुणाला तरी आपला आवाज भारदस्त ऐकायला आवडतो.

इथे आपल्या गावातल्या आणि पुण्या-मुंबईतल्या शौकीन मंडळींचा हात वर होणार, मला दिसतोय. 'फुल रेंजला व्हॉल्वचाच ॲम्प हवा!' त्यांचं म्हणणं पूर्ण खोटं नाही, म्हणून दोन ओळी. १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये पॉल व्हॉइट नावाच्या माणसाने प्रचंड चुंबकाचे एक-कोनी स्पीकर घडवले, त्यातून पुढे लोथर स्पीकर आले. हे आठ-दहा वॅटच्या ॲम्पवरही खोली भरून टाकतात. थ्री हंड्रेड बी नावाचा व्हॉल्वही त्याच दशकातला, एकटा सुमारे ८ वॅट देतो. दोघांची जोडी जगभर नावाजलेली. त्यामागे कारण आहे. ॲम्प्लिफायर स्पीकरच्या कोनाला नुसता ढकलत नाही, त्याला आवरतोही. ट्रान्झिस्टरचा ॲम्प घट्ट कासरा धरतो, व्हॉल्वचा सैल. दमदार चुंबकाचा कोन मुळातच शिस्तीचा बैल. त्याला वर आणि घट्ट कासरा धरला की खालचा आवाज पातळ पडतो आणि मधला कर्कश वाटतो. सैल कासऱ्यात तो मोकळा चालतो. उलट हलक्या चुंबकाचा कोन उधळ्या. त्याला सैल सोडला की घुमतो, त्याला घट्ट धरणाराच हवा. अमेरिकेतल्या नेल्सन पास यांनी हेच तत्त्व ट्रान्झिस्टरमध्ये आणून खास अशा स्पीकरसाठी ॲम्प बनवले. आणि ज्याला एवढं करायचं नाही त्याने ॲम्प आणि दमदार स्पीकर यांच्यामध्ये दोन-चार ओहमचा एक जाड रेझिस्टर टाकून बघावा, कासरा आपोआप सैल होतो. थोडी शक्ती रेझिस्टरमध्ये जाते, चालायचंच.

पण शौकीन मित्रांनो, तुमच्या दिवाणखान्याचा धर्म सभागृहाला लावू नका. भिंतीवर टांगायचे सरकारी खरेदीतले स्पीकर हलक्या चुंबकाचे असतात, त्यांना घट्ट कासऱ्याचा साधा ट्रान्झिस्टर ॲम्पच बरा. व्हॉल्वला नगर परिषदेत रोज कोण चालू-बंद करणार? इथे शिपायाला मुख्य बटण सापडलं तरी मिळवली. लाखाचा व्हॉल्व ॲम्प आणि २००० वॅटचा डबा, दोन्हींत आजार एकच: ऐकणाऱ्याला काय हवं ते न विचारता आपल्याला मिरवायचं काय ते घ्यायचं.

'पण सांस्कृतिक कार्यक्रमांचं काय?' हे उत्तर मला एका जबाबदार माणसाने दिलं. वर्षातून कार्यक्रम किती, आणि सभा, जनसुनावण्या, बचत गटांच्या बैठका, दाखल्यांची शिबिरं किती? कार्यक्रमाला मंडपवाला स्वतःचे बॉक्स आणतोच, आजही आणतो, त्याचं भाडंही आपण देतो. मग सभागृहाच्या भिंतीवर त्याच्याशी स्पर्धा कशाला? आणि खिडक्या उघड्या टाकून दोन हजार वॅट वाजले तर शेजारी दवाखाना आहे, पलीकडे वस्ती आहे. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम सांगतात, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. जिथे लाउडस्पीकर वापरायचा त्या जागेच्या हद्दीवर आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा १० ने जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. दवाखान्याजवळ तर आणखी कडक. गणपतीत मंडळांना नोटिसा काढणारी संस्था स्वतःच्या भिंतीवर काय टांगणार आहे, हे एकदा तिने मोजावं.

'लोकच गोंधळ करतात, म्हणून ऐकू येत नाही' हेही एक लाडकं उत्तर. ऐकू येत नाही म्हणून लोक आपापसात विचारतात, 'काय म्हणाले?' आणि त्याचा गोंधळ होतो. आधी कोंबडी की आधी अंडं, ते सोडा. माईकचं बघा. टेबलावर एकाच वेळी दहा-बारा माईक उघडे असतात. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी ३ डेसिबल लवकर मारते. मग ऑपरेटर घाबरून सगळाच आवाज कमी करतो. बोलणाऱ्याने तोंडापासून वीतभर अंतरावर माईक धरला आणि बाकीच्यांनी आपापले बंद ठेवले, तर आहे त्या सिस्टीमवरही उद्यापासून फरक पडेल. पण माईक बंद ठेवणं म्हणजे अधिकार सोडणं असं ज्यांना वाटतं त्यांचं काय करणार?

या सगळ्यात कुणाचा हात ओला झाला असा आरोप मी करत नाहीये, माझ्याकडे तसा कागद नाही. माझं म्हणणं त्याहून साधं आहे. मागवणाऱ्याला स्पीकर म्हणजे काय माहीत नाही, विकणाऱ्याला वॅट विकायचेत, आणि तपासणाऱ्याला डबे मोजायचेत. ऐकणाऱ्याचा या कागदावर कुठेच उल्लेख नाही. २००० वॅट कागदावर भारी दिसतं, फोटोत भारी दिसतं, उद्घाटनाला भारी वाजतं. ६० वॅट लिहिलं तर कुणीतरी म्हणणार, 'एवढंच?'

तर प्रस्तावात पुढची वाक्यं घालावीत अशी लेखी मागणी मी कालच आवक-जावकला दिली आहे. वॅटऐवजी लिहा: मागच्या बाकावर बसलेल्याला पुढे वाचलेले पन्नास सुटे शब्द ऐकवून तो किती बरोबर लिहितो ते बिल काढण्याआधी तपासायचं, पंखे चालू ठेवून. शब्दांच्या यादीत सात आणि साठ, मंजूर आणि नामंजूर, पाच आणि पाचशे हवेतच. स्पीकर एका कोनाचे किंवा कॉलम, कॉलम असेल तर उभाच. संवेदनशीलता कागदावर छापलेली हवी. लाइन शंभर व्होल्टची, तार दीड चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नको. छताला किंवा मागच्या भिंतीला थोडं आवाज शोषणारं अस्तर, निदान जाड पडदे. वाचलेल्या पैशांत ते सहज बसेल. सोबत माहितीच्या अधिकारात मागच्या साउंड सिस्टीमचं अंदाजपत्रक, बिल आणि तपासणी अहवाल मागितला आहे. तीस दिवसांत काय येतं ते इथेच टाकीन.

येत्या सर्वसाधारण सभेला जमेल त्यांनी या. मागे बसा. वही आणा. ऐकू आलेले आकडे वेळ टाकून लिहा, आणि कुठल्या बाकावर बसला होता तेही लिहा. संध्याकाळी सगळ्यांच्या वह्या टिपणीच्या कागदाशी ताडून बघू.